कार्ड बदललं तरी रीडिंग पुन्हा नाचतं : पीएलसीच्या ॲनालॉग इनपुटचा दोष मुळातून कसा शोधायचा

कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या फाउंड्रीत इंडक्शन फर्नेसच्या कूलिंग पाण्याचा दाब असो, गोकुळ शिरगावच्या हीट ट्रीटमेंट भट्टीचं तापमान असो, की पंचगंगेकाठच्या जॅकवेलमधली पातळी असो, तक्रार एकच असते. स्क्रीनवरचं रीडिंग उड्या मारतं. पीएलसीचं (यंत्रं चालवणाऱ्या औद्योगिक कंप्युटरचं) ॲनालॉग कार्ड, म्हणजे सेन्सरकडून येणारा करंट किंवा व्होल्ट आकड्यात बदलणारा भाग, बदललं की आठ-दहा दिवस बरं चालतं, मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

कार्ड खरोखर गेलं असेल तर चॅनल (कार्डावरचा एका सिग्नलचा इनपुट) सहसा कायमचा जातो. जाऊन-येऊन राहणारा दोष कार्डात क्वचित सापडतो. कार्ड बदलताना टर्मिनलचे स्क्रू सुटतात, वायरी पुसून परत आवळल्या जातात, केबल जरा हलते, पॅनलचं दार तासभर उघडं राहून आतली ओल सुकते. चार दिवस बरं वाटतं ते एवढ्यामुळेच. तेव्हा नवं कार्ड मागवण्याआधी लूपमधला, म्हणजे उपकरण ते कार्ड आणि परत अशा सर्किटमधला, करंट मोजा. प्रोग्राममध्ये फिल्टर (आकड्याची सरासरी काढणं) किंवा ऑफसेट (ठरावीक आकडा मिळवणं किंवा वजा करणं) टाकायचा विचार असेल तर तोही मोजणी होईपर्यंत लांबणीवर टाका. या दोन गोष्टी दोष झाकतात, आणि झाकलेला दोष पुढच्या माणसाला सापडत नाही.

आधी वेळ लिहून काढा

दोन दिवस ऑपरेटरला फक्त एवढंच लिहायला सांगा : रीडिंग हललं ती वेळ, आणि त्या वेळी आवारात काय चालू झालं किंवा बंद झालं. फर्नेस किंवा ड्राइव्ह (मोटरचा वेग बदलणारं उपकरण) चालू होताच आकडा थरथरत असेल तर शिल्ड (केबलमधल्या वायरींभोवतीचं धातूचं आवरण) आणि अर्थिंगकडे बघायचं. क्रशर, शेकआउट किंवा प्रेसच्या हादऱ्याबरोबर आकडा एकदम शून्याला किंवा टोकाला जाऊन परत येत असेल तर कुठंतरी जोड सैल आहे. पाऊस लागला की हळूहळू सरकत असेल तर जंक्शन बॉक्समध्ये पाणी आहे. आणि चोवीस तास एकसारखंच चुकत असेल तर वायरिंगला हात लावू नका, दोष रेंजच्या सेटिंगमध्ये असण्याची शक्यता जास्त.

लूप न तोडता मोजणी

पुढच्या सगळ्या उदाहरणांत ० ते १० बारचा, दोन वायरचा (सप्लाय आणि सिग्नल एकाच जोडीतून), ४ ते २० मिलिअँपचा दाब ट्रान्समीटर धरू, म्हणजे दाब मोजून ० बारला ४ आणि १० बारला २० मिलिअँप वाहू देणारं उपकरण. कार्डाच्या करंट इनपुटमध्ये साधारण २५० ओहमचा रोध असतो. काही कार्डांत तो कमी-जास्त असतो, मॅन्युअलमध्ये बघून घ्या. २५० असेल तर चॅनलच्या प्लस-मायनसवर मल्टीमीटर डीसी व्होल्टला लावून बघा : १ व्होल्ट म्हणजे ४ मिलिअँप, ३ व्होल्ट म्हणजे १२, ५ व्होल्ट म्हणजे २०. वायर सोडायची नाही, मशीन थांबवायचं नाही.

अचूक आकडा हवा असेल तर मीटर सिरीजमध्ये घ्यावा लागतो. लाल प्रोब मिलिअँपच्या भोकात घालून मोजणी झाली की ती लगेच व्होल्टच्या भोकात परत घाला. हे विसरून पुढच्याच मिनिटाला २४ व्होल्ट मोजायला गेलं की सप्लाय मीटरमधून शॉर्ट होतो, मीटरचा फ्यूज उडतो, आणि नंतर त्याच मीटरनं सगळेच लूप शून्य करंट दाखवतात. चांगल्या लूपवर अविश्वास बसायला एवढं पुरेसं होतं.

मोजलेला करंट स्थिर आणि पीएलसीतला कच्चा आकडा नाचतोय, तर दोष कार्ड, त्याचं सेटिंग किंवा कॉमन टर्मिनलकडे आहे. मीटरवरही करंट नाचतोय, तर केबल काढून लूप कॅलिब्रेटरनं (हवा तेवढा करंट देणाऱ्या उपकरणानं) कार्डाला थेट ४, १२ आणि २० मिलिअँप द्या. तिन्ही ठिकाणी कार्ड बरोबर आलं की कार्ड निर्दोष, आता बाहेर चला. मीटरचा सरासरी काढण्याचा वेग कमी असतो हे मात्र ध्यानात ठेवा. ड्राइव्हचा गोंगाट डीसी रेंजवर दिसणार नाही, त्यासाठी त्याच दोन टर्मिनलवर एसी मिलिव्होल्टही बघा.

खाली खोटं, वर खरं

सीमेन्सच्या एस-७ पीएलसी घराण्यात ४ ते २० मिलिअँप निवडलं की ४ ला ० आणि २० ला २७६४८ असा कच्चा आकडा येतो. कार्ड चुकून ० ते २० वर राहिलं तर ४ मिलिअँपला ५५३० येतो. म्हणजे पंप बंद असताना स्क्रीनवर २ बार. १२ मिलिअँपला ५ च्या जागी ६ बार. २० ला मात्र बरोबर १० बार. खाली जास्त चूक आणि वर जाताना ती विरत जाते, ही या चुकीची खूण.

यावर होणारा हमखास उपाय म्हणजे प्रोग्राममध्ये सरसकट २ वजा करणं. पंप बंद असताना शून्य येतं, सगळे खूश. पण आता १० बारला ८ दिसतात, आणि दाबाची वरची मर्यादा राखणारा इंटरलॉक (मर्यादा ओलांडली की यंत्र रोखणारी सोय) निकामी झालेला असतो. सेटिंग दुरुस्त करा, वजाबाकी काढून टाका.

अजून एक आकडा पाठ असू द्या : ३२७६७. वायर तुटली किंवा इनपुट ओसंडलं की कार्ड हा आकडा देतं. तो न तपासता स्केल केला तर १० बारच्या रेंजला ११.८५ बार असा ठाम, न हलणारा आकडा दिसतो. तापमानाच्या कार्डावर तोच ३२७६.७ अंश म्हणून येतो. हे रीडिंग नव्हेच, तार तुटल्याची आरोळी आहे.

छोट्या पीएलसीत ० ते १० व्होल्टचेच इनपुट असतात. एस-७ १२०० च्या सीपीयूवरचे दोन इनपुट तसे आहेत, मित्सुबिशीच्या एफएक्स-५यू वरचेही तसेच. तिथं बाहेरून रोध लावून करंटचा व्होल्ट करतात. एफएक्स-५यू मध्ये १० व्होल्टला ४००० येतात, म्हणजे २५० ओहमवर ४ मिलिअँपला ४०० आणि २० ला २०००. २५० हा रोध उद्यमनगरातल्या दुकानात सहज मिळत नाही, कारण प्रमाणित मालिकेतली किंमत २४९ ओहम आहे. २४९ चा मेटल फिल्म घ्या, टॉलरन्स जमलं तर ०.१ टक्का, नाहीतर १ टक्का, आणि अर्धा वॅट. घरात पडलेला पाच टक्क्यांचा कार्बन रोध लावला तर १० बारला सुमारे ०.६ बारपर्यंत चूक येऊ शकते, शिवाय पॅनल तापलं की ती सरकते. रोध कार्डाच्या टर्मिनलवरच लावायचा, जंक्शन बॉक्समध्ये नाही. आणि ट्रान्समीटरच्या प्लस वायरमध्ये ५० मिलिअँपचा फ्यूज घाला. बाहेर केबल शॉर्ट झाली तर सबंध २४ व्होल्ट त्या रोधावर येतात, २.३ वॅटचा चटका बसतो. अर्ध्या वॅटचा रोध जळतो आणि तो जळून उघडा पडला की तेच २४ व्होल्ट थेट १० व्होल्टच्या इनपुटवर.

शिल्ड आणि अर्थिंग : इथं सगळ्यात जास्त वेळ द्या

इंडक्शन फर्नेसच्या कॉइलला जाणाऱ्या, पाण्यानं थंड ठेवलेल्या केबलमधून हजारो अँपिअर वाहतात, तेही काहीशे ते हजारभर हर्ट्झला. त्याच्या शेजारून गेलेली सिग्नल केबल म्हणजे ट्रान्सफॉर्मरची दुसरी वाइंडिंग. बसवताना १०० मीटरच्या बंडलातली ४० मीटर वापरून उरलेल्या केबलचं वेटोळं फर्नेसजवळ तसंच टांगून ठेवलेलं असतं, ते आधी शोधा. केबल मापानं कापा. पॉवर केबलपासून निदान ३०० मिलिमीटर अंतर, एकाच ट्रेमध्ये तर अजिबात नाही, आणि ओलांडायचीच वेळ आली तर काटकोनात. केबल पीळ दिलेल्या जोडीची आणि शिल्ड असलेली हवी. दोन सुट्या वायरी एका पाइपमधून ओढून केलेला लूप ड्राइव्ह असलेल्या आवारात टिकत नाही.

शिल्ड एकाच टोकाला अर्थ करायची, पॅनलच्या बाजूला. ट्रान्समीटरकडे ती कापून, एकही तार बाहेर न ठेवता हीट श्रिंकखाली झाकायची. दोन्ही टोकांना अर्थ केली की फर्नेसजवळची अर्थ आणि पॅनलची अर्थ यांच्यातला फरक शिल्डमधून करंट वाहवतो आणि तोच आतल्या जोडीत उतरतो. कितीदा तरी शिल्ड पॅनलमध्ये नीट असते, पण ट्रान्समीटरच्या ग्लँडमध्ये (केबल आत शिरते तिथल्या घट्ट आवळणीत) तिचे दोन-चार केस धातूला टेकलेले असतात. पॅनलकडची शिल्ड सोडा, तिच्यात आणि अर्थमध्ये ओहम मोजा. उघडं दिसायला हवं. काही ओहम दिसले तर दुसरं टोक कुठंतरी टेकलंय.

पॅनलमध्येही शिल्ड पिळून, वीतभर शेपूट करून, लांबच्या अर्थ बारला नेलेली असते. एवढ्या लांबीत ड्राइव्हचा उच्च वारंवारतेचा गोंगाट अडत नाही. केबल आत शिरते तिथंच वरचं आवरण बोटभर सोलून शिल्ड उघडी करा आणि धातूच्या क्लॅम्पनं चारही बाजूंनी माउंटिंग प्लेटला दाबून बसवा. प्लेटवर रंग असेल तर खरवडून चकचकीत पत्रा दिसेपर्यंत साफ करा. रंगावर बसवलेला क्लॅम्प दिसायला छान असतो, काम काहीच करत नाही.

आता ग्राउंड लूप, म्हणजे दोन ठिकाणच्या अर्थमधून पूर्ण होणारं करंटचं वर्तुळ. ट्रान्समीटरचं अंग पाइपावर, पाइप फर्नेसच्या स्ट्रक्चरवर, आणि पॅनलमध्ये शून्य व्होल्ट अर्थला. चार वायरच्या, स्वतःचा सप्लाय असलेल्या उपकरणात आउटपुटचा मायनस आतून बॉडीला जोडलेला असला की वर्तुळ पूर्ण होतं. फर्नेस पूर्ण लोडवर असताना उपकरणाचं अंग आणि पॅनलचा शून्य व्होल्ट यांच्यात एसी आणि डीसी दोन्ही मोजा. एखादा व्होल्ट जरी दिसला तरी उपाय हवा. कार्डाचे चॅनल एकमेकांपासून विलग नसतील तर एका चॅनलवरचा हा फरक शेजारच्या चांगल्या चॅनललाही ओढतो. म्हणूनच पाण्याच्या दाबाचं रीडिंग चुकतं आणि दोष तेलाच्या तापमानाच्या लूपमध्ये निघतो. एकेक चॅनल कार्डापासून सोडत जा. ज्याची वायर सोडल्यावर बाकीचे शांत होतात, तो दोषी. त्या लूपला सिग्नल आयसोलेटर (सिग्नल पुढं देऊन दोन्ही बाजू विजेच्या दृष्टीनं विलग ठेवणारं उपकरण) लावा. लूपवरच चालणारा आयसोलेटर स्वतः काही व्होल्ट खातो, त्यामुळे जागा असेल तर वेगळ्या २४ व्होल्टवर चालणारा घ्या.

चार वायरचं उपकरण दोन वायरच्या पद्धतीनं जोडलं, म्हणजे त्याच्या करंट देणाऱ्या आउटपुटला कार्डाचे २४ व्होल्ट दिले, तर दोन सप्लाय एकमेकांशी भांडतात. फ्लोमीटरवर ही चूक फार होते. उपकरण ॲक्टिव्ह (स्वतः करंट देणारं) आहे की पॅसिव्ह (बाहेरचा सप्लाय लागणारं) हे आधी मॅन्युअलमध्ये बघा.

वरच्या टोकाला अडकणारं रीडिंग

४ पासून १६ मिलिअँपपर्यंत सगळं बरोबर, पुढं दाब वाढला तरी आकडा वाढत नाही. इथं ट्रान्समीटरला व्होल्ट पुरत नाहीत. हिशेब साधा आहे : २० मिलिअँपला कार्ड ५ व्होल्ट खातं. लूपमध्ये ३०० ओहमचा बॅरिअर (स्फोटाचा धोका असलेल्या जागेसाठी करंट मर्यादित ठेवणारं उपकरण) असेल तर आणखी ६ गेले. दीडशे मीटरवर ०.५ चौरस मिलिमीटरची वायर जाऊन-येऊन पाव व्होल्टसुद्धा खात नाही, तिला उगाच दोष देऊ नका. २४ मधून उरले पावणेतेरा, आणि बहुतेक ट्रान्समीटरना १० ते १२ लागतात. म्हणजे कसंबसं भागतंय. मग कुणीतरी मध्ये लूपवर चालणारा डिस्प्ले घालतं, किंवा जुना एसएमपीएस (२४ व्होल्ट देणारा सप्लाय) लोडखाली २१ व्होल्टवर येतो, आणि लूप वरच्या टोकाला गुदमरतो. करंट जास्त असताना ट्रान्समीटरच्या टर्मिनलवरच व्होल्ट मोजा, अंदाजाची गरज उरत नाही.

पाऊस लागल्यावर

आपल्याकडं जूनपासून ओल पॅनलची पाठ सोडत नाही. गंमत म्हणजे रीडिंग कुठल्या बाजूला सरकतंय त्यावरून पाणी कुठं आहे ते सांगता येतं. जंक्शन बॉक्समध्ये ट्रान्समीटरच्या दोन वायरींच्या मध्ये ओल आली तर ती ट्रान्समीटरला समांतर करंट वाहू देते, रीडिंग वाढतं. १ लाख ओहमची गळती जवळपास ०.२ मिलिअँप वाढवते, म्हणजे रेंजच्या सव्वा टक्का. उलट, ट्रान्समीटरकडून कार्डाकडे येणारी सिग्नल वायर ओलीतून अर्थला गळत असेल आणि शून्य व्होल्ट अर्थला जोडलेला असेल, तर करंटचा काही भाग कार्डाला चुकवून परत जातो, रीडिंग कमी होतं. २५० ओहमच्या कार्डाशेजारी १० हजार ओहमची गळती सुमारे २.४ टक्के करंट पळवते.

बॉक्स उघडला की टर्मिनलवर हिरवट-पांढरा थर आणि तळाशी पाण्याची रेघ दिसेल. नुसतं पुसून झाकण लावू नका. टर्मिनल ब्लॉक बदला, वायर तांब्याचा लख्ख रंग दिसेपर्यंत मागं कापा, टोकाला लग दाबा. केबल बॉक्सच्या खालून आत घ्या आणि आत शिरण्याआधी तिला खाली झोळ द्या, म्हणजे ओघळ झोळातून ठिपकेल. ग्लँड केबलच्या जाडीचाच घ्या. जाड ग्लँडमध्ये बारीक केबल घालून वर टेप गुंडाळलेली जागा पहिल्या पावसात गळते. वापरात नसलेल्या भोकांना प्लग बसवा.

जॅकवेलमध्ये सोडलेल्या लेव्हल सेन्सरची केबल आतून पोकळ असते, त्या नळीतून सेन्सरला बाहेरच्या हवेचा दाब कळतो. ‘पाणी जाऊ नये’ म्हणून ती नळी टेपनं किंवा एम-सीलनं बंद केलेली हटकून आढळते. मग हवेचा दाब बदलला की पातळी बदललेली दिसते : १ हेक्टोपास्कलला साधारण १ सेंटिमीटर. नळी मोकळी ठेवा, तिचं टोक कोरड्या बॉक्समध्ये आणा आणि सिलिका जेलची पुडी दर मोसमाला बदला.

वळवाच्या विजांचा मार लांबून, उघड्या आवारातून आलेल्या केबलना बसतो. अशा लूपला दोन्ही टोकांना सर्ज अरेस्टर हवा, पॅनलकडे एकच लावून ट्रान्समीटर वाचत नाही.

भट्टीवरचे थर्मोकपल आणि पीटी-१००

थर्मोकपल म्हणजे दोन वेगळ्या धातूंच्या तारांचा तापमान मोजणारा जोड. के टाइप थर्मोकपलला पॅनलपर्यंत के चीच केबल लागते. मध्ये तांब्याची साधी वायर जोडली तर भट्टीवरच्या हेडचं आणि पॅनलमधल्या जोडाचं तापमान यातला फरक तेवढा कमी दिसतो. हेड ६० अंशांवर आणि पॅनल ३५ वर असेल तर सुमारे २५ अंश कमी. केबल दोन्ही टोकांना उलटी जोडली तर चूक दुप्पट. ही उलटापालट रंगांमुळे होते : अमेरिकी पद्धतीत के टाइपची पिवळी वायर प्लस आणि लाल वायर मायनस असते. लाल म्हणजे प्लस ही सवय इथं फसवते. आंतरराष्ट्रीय पद्धतीत हिरवी प्लस, पांढरी मायनस.

पीटी-१०० (तापमानाबरोबर रोध बदलणारा सेन्सर) तीन वायरनीच जोडा. एका अंशाला त्याचा रोध ०.३८५ ओहम वाढतो, त्यामुळे दोन वायरच्या जोडणीत केबलचा १ ओहम म्हणजे २.६ अंशांची भर.

फिल्टर सगळ्यात शेवटी

कार्डाचं गोंगाट-दमन ५० हर्ट्झवर आहे का बघा. परदेशी मशीनबरोबर आलेल्या प्रोग्राममध्ये ते ६० वर राहिलेलं असतं, आणि आपल्या मेन्सचा गुणगुणाट सरळ आत येतो. सरासरीचं सेटिंग तापमानाला जास्त चालतं. प्रेसच्या हायड्रॉलिक दाबाला ते कमीत कमी ठेवा, नाहीतर आकडा वर पोचेपर्यंत दाब पुढं निघून गेलेला असतो.

प्रोग्राममध्ये वायर तुटल्याची तपासणी घालाच. नामुर या प्रक्रिया उद्योगातल्या वापरकर्त्यांच्या संघटनेच्या एनई-४३ शिफारशीप्रमाणे ३.६ मिलिअँप किंवा त्याखाली आणि २१ किंवा त्यावर करंट गेला की तो दोष मानायचा. २७६४८ च्या मापात ते उणे ६९१ आणि २९३७६ होतात. दोन सेकंद ही स्थिती राहिली तर अलार्म द्या आणि आउटपुट सुरक्षित बाजूला न्या. कूलिंग पाण्याच्या दाबाच्या बाबतीत सुरक्षित बाजू म्हणजे फर्नेसची पॉवर बंद, शेवटचं चांगलं रीडिंग धरून चालू ठेवणं इथं चालणार नाही.

केबलला मेगर (उच्च व्होल्टनं इन्सुलेशन तपासणारं यंत्र) लावायचा असेल तर दोन्ही टोकं आधी सोडा, ५०० व्होल्ट कार्डात गेले की चॅनल संपलाच. जवळपास वेल्डिंग असेल तर अर्थचा क्लॅम्प जॉबलाच, वेल्डच्या हातभर अंतरात लावायला सांगा. लांबच्या खांबाला लावला तर परतीचा करंट ट्रान्समीटरच्या अंगातून आणि शिल्डमधून वाट काढतो.

दुरुस्तीनंतर फर्नेस पूर्ण लोडवर, सगळे ड्राइव्ह चालू ठेवून कच्च्या आकड्याचं किमान आणि कमाल एक पूर्ण पाळी नोंदवा. दाब स्थिर असताना हा फरक २७६४८ मध्ये ५०-६० च्या आत राहिला, म्हणजे १० बारला ०.०२ बारच्या आसपास, तर लूप सोडून पुढच्या कामाला लागायला हरकत नाही. शेकड्यात असेल तर पुन्हा शिल्डचं ते दुसरं टोक बघा.